निळ्या पट्ट्यांखालची अमृता

चिकलठाण्याच्या एका कारखान्यात बुद्धभूषण एलईडीच्या पट्ट्या जोडायचा. जुन्या बल्बचा विषय निघाला की गडी सुरू! "आरं, त्यो बल्ब व्हता का शेगडी? उजेड कमी अन् आग लई. निळी एलईडी निघाली, तिच्यावर पिवळा लेप दिला, तवा कुठं हा पांढरा उजेड आला." टपरीवरचे लोक त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचे, अन् हा आणखीच फुगायचा.

लग्नानंतर लई वर्षांनी त्याला मुलगी झाली, अमृता. जन्मली अन् लगेच पिवळी पडली. कावीळ. दवाखान्यात तिला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवलं. बाहेर त्याची आई पारूबाई तोंडाला पदर लावून बसलेली. "एवढ्याशा जिवाला असं उघडं टाकतेत का रं? घरी ने तिला."

"अजून धोका टळलेला नाही," डॉक्टर मॅडमनी बजावलं. "हे दिवे साधे नाहीत, कावीळ उतरवायला खास बनवलेले आहेत."

बुद्धभूषण हसला. "मॅडम, एलईडीच हायेत की! मी रोज हेच करतो. घरी लावतो." आणि स्वतःच्या जबाबदारीवर सही करून लेकरू घेऊन आला. आता याला शहाणपण म्हणावं की काय म्हणावं!

मुकुंदवाडीतल्या खोलीत त्यानं पाळण्यावर सजावटीच्या निळ्या पट्ट्या बांधल्या. बायको तनुजा घडीघडी विचारायची, "अहो, पिवळेपणा उतरला का?" तो वाकून बघायचा. "उतरला की! दिसतीय का कुठं पिवळी?"

दिसणार कशी? त्या निळ्या उजेडात पिवळं ओळखूच येत नाही. उभा जन्म दिव्यांत घालवलेल्या माणसाच्या हे ध्यानात येऊ नये! पोर दूध ओढेना, रडेना, तरी घरात सगळे खूश, का तर निवांत झोपली म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेली. तनुजानं लेकराला दारात उजेडात आणलं आणि किंचाळली. पार तळपायापर्यंत हळद फासल्यागत पिवळं. शेजाऱ्यानं रिक्षा आणली.

दवाखान्यात तिचं रक्त बदललं. पोर वाचली. डॉक्टर मॅडमनी सांगितलं, कावीळ मेंदूपर्यंत पोचली होती, त्यात कान जाऊ शकतात.

अमृता आता दुडूदुडू चालते. कान मात्र गेले ते गेलेच. तनुजानं त्या निळ्या पट्ट्या स्वतःच्या हातानं सोडून उकिरड्यावर टाकल्या.

संध्याकाळी कामावरून येताना दारातूनच लेकीला हाक मारायची, एवढीच त्याची हौस होती. ती पाठमोरी खेळत असते. तो दिव्याचं बटण बंद करतो, चालू करतो, पुन्हा बंद, पुन्हा चालू. मग ती वळते, बापाला बघून खुदकन हसते.