नावाड्याची लेक पुलावरून गेली

तमाम वाचनप्रेमी जनतेस अत्यंत गंभीरपणे जाहीर करण्यात येते की, माझे लग्न एका पुस्तकाच्या शेवटावर ठरले आणि तो शेवट त्या पुस्तकात नव्हताच. सदर फसवणूक माझ्या सर्वांत जवळच्या मित्राने केली. खटला माझ्याच घरात चालला, आणि निकालाच्या वेळी न्यायाधीश उठून आरोपीच्या शेजारी जाऊन बसला. ज्यांचं मन हळवं असेल त्यांनी आधी पाणी पिऊन घ्यावं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी एका सरकारी कचेरीत नवा कारकून होतो आणि सक्करदऱ्याला तलावाच्या बाजूनं एक खोली भाड्यानं घेऊन राहत होतो. करमणूक म्हणजे वाचनालय. ते इतवारीत, भांड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. खाली गिऱ्हाईक पातेलं उलटं करून ठोकून बघायचं आणि वर आमची नायिका प्राण सोडायची. टण्‌ झालं की गेली. आजही कुठं पितळेचा आवाज आला की माझे डोळे आपोआप भरून येतात.

त्या वाचनालयाच्या पुस्तकांना एकच खोड होती. त्यांना शेवट नसायचा. आपल्या लोकांना पुस्तक पालथं ठेवायची सवय. मग मागच्या पुठ्ठ्यावर चहाचा कप बसतो, पुठ्ठा सुटतो, आणि त्याच्यामागून शेवटची पानं एकेक करून निघून जातात. मी एकदा ग्रंथपालांकडे तक्रार घेऊन गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बाकीचं पुस्तक हाय ना?"

"हो जी."

"एवढ्या पानात समजलं नाही, ते दोन पानात काय समजणार हाय तुमाले?"

पण माझं काही अडत नव्हतं. माझ्याकडे मित्र होता.

हा मित्र वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, लिहायचा. ट्रक भरेपर्यंत पोत्यांवर आडवं पडून पुस्तक वाचायचा. रविवारी सकाळी वाचनालयाच्या खालच्या गल्लीत तर्री-पोह्याच्या गाडीवर आम्ही पाच-सहा वाचणारे जमायचो. पोहे हातात पडले की पहिला प्रश्न ठरलेला: "हातात काय हाये सध्या?" म्हणजे पुस्तक. पोहे तर दिसतच असायचे. मग ज्यानं त्यानं आपण वाचत असलेल्या पुस्तकाची गोष्ट सांगायची. मात्र शेवट चारचौघांत सांगायचा नाही, हा आमचा कायदा. ज्याच्या प्रतीला शेवट नसेल त्याला बाजूला घेऊन, भांड्यांच्या दुकानाच्या ओट्यावर बसवून, कानात सांगायचा.

कानात शेवट सांगण्याचं काम माझ्या मित्राकडं होतं. कोणतंही पुस्तक काढा, त्यानं ते आधीच वाचलेलं असायचं. "माह्या हाती आलं तवा अख्खं होतं गा," असं म्हणायचा आणि माझ्या कानाशी यायचा. तो शेवट सांगू लागला की मी खाणं थांबवायचो. लोक समजायचे तर्री तिखट झाली. पण मी रडत असायचो. वाटणीवरून तुटलेल्या दोन भावांची एक कादंबरी होती. तिचा शेवट त्यानं सांगितला, की मोठा भाऊ धाकट्याच्या दारात येतो, काहीच बोलत नाही, फक्त त्याच्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवून निघून जातो. ते ऐकून मी त्याच दिवशी माझ्या थोरल्या भावाच्या घरी गेलो. आमचा अबोला होता. त्याच्याकडं बैल नव्हता, म्हणून मी त्याच्या सायकलीच्या सीटवरून हात फिरवला. तो म्हणाला, "काय झालं बे, पंक्चर झाली काय?" आणि आमचं पुन्हा सुरू झालं.

आता लग्नाकडं येतो.

आर्वीकडच्या एका गावी मुलगी पाहायला गेलो. बैठकीत रीतीप्रमाणं प्रश्न झाले: स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. मला विचारा म्हटल्यावर मी विचारलं, "सध्या काय वाचून राहिल्या?" तिचा मामा खोकला. माझ्या काकांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी चहा बशीत न ओतता डोक्यावर ओतून घेतला.

ती मात्र पटकन म्हणाली, "ते नावाड्याचं."

आणि मी खुर्चीत पुढं सरकलो. कारण ते पुस्तक मी नुकतंच संपवलं होतं, शेवट नेहमीप्रमाणं मित्राकडून कानात ऐकून. एक नावाडी. त्याची लेक त्याच्या मनाविरुद्ध लग्न करून त्याच्याच नावेतून नदीपार जाते. तो तिला उतरवतो आणि सांगतो, पैलतीरावरून तू हाक मारशील तेव्हाच आता ही नाव हलेल. मग वर्षं जातात, नदीवर पूल बांधला जातो, लोक नाव विसरतात, आणि तो हाकेची वाट पाहत घाटावर बसून राहतो.

मी म्हणालो, "शेवटाला मला रडू आवरलं नाही."

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "मले तर हसू आवरलं नाही."

वाचकहो, मी तिथंच विरघळलो. केवढी खोल बाई! एवढ्या दुःखाला हसणारी! तिनं काय विचार केला ते मला पुढं कळलं. तिला वाटलं, हा माणूस एक तर फार कोमल आहे, नाही तर फार उपाशी आहे.

एकमेकांना शेवट न विचारता आम्ही होकार दिला. तिच्यासाठी ओलिताच्या वावराचं, म्हणजे बागायती शेतीवाल्याचं, एक स्थळ आलं होतं. ते तिनं सोडलं. बापाला म्हणाली, हा माणूस पुस्तक शेवटापर्यंत वाचते आणि वाचून रडते. वावर काय, दुसऱ्याले पण असते.

लग्नानंतरच्या एका संध्याकाळी ती पोळ्या लाटत होती आणि मी मोठ्या प्रेमानं विषय काढला.

"ती लेक पुलावरून बसनं जाते, ते वाचून तुला हसू काहून आलं वं?"

तिचं लाटणं थांबलं. "कोण जाते पुलावरून?"

"लेक. गावात येते, घराला कुलूप पाहते. बाप घाटावर आहे, तिच्या हाकेसाठी कान लावून बसला आहे, हे तिला कोणी सांगत नाही. ती परतीच्या बसमध्ये बसते. पुलावरून बस जाते. खाली नावाडी वर पाहतो, म्हणतो, कोण गेलं कोणास ठाऊक. संपलं पुस्तक."

"असं काहीच नाही त्याच्यात," ती म्हणाली. "लेक हाक मारते. बाप नाव घेऊन जाते. मंग पुलाचा साहेब तीन पानं भाषण करते, पुलाचे फायदे सांगते. आन्‌ सगळे पुरणपोळी खाले बसतात. म्हणून तर हसली होती मी. एवढं रडवलं आन्‌ शेवटी जेवाले घातलं."

मी हसलो. ती हसली नाही. पोळी तव्यावर करपू लागली तरी ती माझ्याकडंच पाहत होती.

"म्हणजे तुम्ही पुस्तक वाचलंच नव्हतं," ती म्हणाली. "मले पाहाले आले तवा खोटं बोलले. त्या एका बोलण्यावर मी हो म्हटलं होतं."

त्यानंतर आमच्या घरात भाजीत मीठ होतं, पण बोलण्यात नव्हतं. ती माहेरी गेली तेव्हा मला धाकधूक होती. परत आली ती पिशवीत ते पुस्तक घेऊनच. तिच्या बापाच्या घरची प्रत. मागचा पुठ्ठा शाबूत. मी उभ्या उभ्या शेवट वाचला. साहेब होता. भाषण होतं. पुलामुळं धान्याची ने-आण कशी सुलभ होईल हेही होतं. आणि पुरणपोळी होती, वर तूप होतं.

मी पुस्तक मिटलं आणि ठामपणे म्हणालो, "छापखाना चुकला असेल."

"काय?"

"शेवट मला मित्रानं सांगितला, आणि त्याचा शब्द खोटा असू शकत नाही. छापखान्यानं दुसऱ्याच पुस्तकाची पानं जोडली."

त्यावर ती इतकी हसली की शेजारीण दारात येऊन पाहून गेली. पण ते हसणं चांगलं नव्हतं. हसून झाल्यावर डोळे पुसत तिनं सांगितलं, "आणा त्यायले इथं. माह्यासमोर सांगू द्या. नाही तर या घरात तुमी सांगितलेलं मी कायी खरं मानणार नाही."

माझी इभ्रत आता मित्राच्या हाती होती आणि मी निर्धास्त होतो. यावरून माझी अक्कल कळावी.

रविवारी तो आला. पाय धुतले, सतरंजीवर बसला. तिनं चहा ठेवला आणि चहाशेजारी पुस्तक ठेवलं.

"भाऊजी, याच्या शेवटी काय होते?"

त्यानं पुस्तक उचललं. आमच्या लोकांसारखंच आधी उलटं केलं. मागचा पुठ्ठा पाहिला. त्यावर बोट फिरवलं, जसं कोणी पहिल्यांदाच बाळाच्या गालावर फिरवावं.

"अख्खं हाय काय हे?" त्यानं विचारलं.

"अख्खं."

माझ्या मित्रानं चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "वाचू काय?"

बस. माझ्या कानात पितळेचं पातेलं टण्‌ वाजलं.

तो वाचत राहिला. चहावर साय धरली. त्यानं शेवटचं पान संपवलं, मान वर केली आणि दुःखानं म्हणाला, "पुरणपोळी?"

"अबे, तू वाचलंच नव्हतं?" मी ओरडलो.

"त्याले शेवट नव्हता तर कसं वाचू गा?"

"आणि बाकीच्यायचे शेवट?"

"ते बी माहेच."

"सगळे?"

"पहिल्यांदा तू इचारलं, तवा तुहं तोंड असं झालं होतं, जसं कोणी ताटावरून उठवलं. मले नाही म्हणता आलं नाही. मंग तू दर रविवारी इचारू लागला. वाडीपासून सायकलीवर येता येता मी इचार करत यायचो. कधी कधी अमरावती रोडवर सापडायचा नाही शेवट, तर इतवारीत पोचल्यावर दोन घास खाऊन घ्यायचो, मंग सुचायचा."

दोन घास! मी ज्यावर आठवडाभर उसासे टाकले, कचेरीत सहकाऱ्यांना ऐकवून त्यांचे डोळे ओले केले, ते सगळं तर्रीच्या दोन घासांतून निघालं होतं. आता हसून लिहितो, पण त्या क्षणी मला खरोखर लुटल्यासारखं झालं होतं. रडताना माणूस दुसऱ्यापासून तोंड लपवतो. मी त्याच्यापासून लपवलं नव्हतं. त्याच्या इतक्या जवळ बसून रडलो होतो की त्याच्या सदऱ्याला डाग पडले असतील. आणि तो कानाशी बसून, आपण आत्ताच रचलेल्या गोष्टीवर मी किती रडतो ते पाहत होता.

"आणि दादा?" मी म्हणालो. "मी दादाच्या सायकलीवरून हात फिरवला! त्या पुस्तकात ते भाऊ भेटले की नाही, कोणास ठाऊक!"

"दादाशी पटते ना आता?"

"पटते!"

"मंग काहून बोंबलून राहिला?"

मी उठलो. खोली लहान होती, म्हणून दोन्ही हात पसरले की ती व्यासपीठासारखी वाटायची. बायकोकडं वळून मी म्हणालो, "ऐकलं ना? पुस्तक मी वाचलं होतं. जेवढं होतं तेवढं अक्षर न्‌ अक्षर वाचलं. रडलो ते खरं रडलो. खोटा मी नाही, खोटा हा बसला आहे. आता तूच निकाल दे!"

ती माझ्याकडं पाहतही नव्हती. ती मित्राच्या समोर येऊन बसली होती, सतरंजीच्या कडेला.

"भाऊजी, तुमी यायले काय सांगतलं होतं? यायनं मले घाईघाईनं सांगतलं. तुमी सांगा, तुमच्या तोंडानं."

मित्रानं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड फिरवलं. त्यानं पुस्तक बाजूला सरकवलं, आणि हळूहळू सांगायला लागला. घराचं कुलूप. कुलपावरचा गंज. लेक त्या कुलपाला हात लावते आणि तिची बोटं लाल होतात. हे मला त्यानं कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाच सुचलं असणार, बदमाशाला. परतीची बस. पुलाच्या कठड्यातून तिला खाली एक नाव बांधलेली दिसते, पण ऊन पाण्यावर असं तळपत असतं की नावेजवळ कोणी बसलं आहे की नाही ते दिसत नाही. बस जाते. खाली पाण्यावर पुलाची सावली हलते. म्हातारा वर पाहतो आणि कानामागं हात धरतो.

"कोण गेलं," मित्र म्हणाला, "कोणास ठाऊक."

मी निकालाची वाट पाहत हात पसरून तसाच उभा होतो. बायकोनं पदर डोळ्यांना लावला, नाक ओढलं, आपल्या बापाच्या घरच्या त्या अख्ख्या, पुठ्ठा शाबूत असलेल्या पुस्तकाकडं रागानं पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

"अवं माय! भाऊजी, छापखानाच चुकला!"