आतोबांचा उजवा कान

माझ्या आतोबांच्या आवाजाएवढा मोठा आवाज ग्वाल्हेरात आजवर झालेला नाही, आणि ह्यात मी किल्ल्यावरच्या तोफाही धरल्या आहेत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, नौदलातून ॲडमिरल होऊन निवृत्त झालेले. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या तोफखान्यात होते म्हणे. आमच्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात कुठल्याही मराठी घराचे पूर्वज कुठल्या ना कुठल्या तोफेपाशी उभे असतातच, त्यामुळे त्याचं मला विशेष वाटत नाही. पण समुद्र कधी न पाहिलेल्या मुलानं नौदलात जावं आणि तिथे जाऊनही तोफाच धराव्यात, ह्याला मात्र रक्तात काहीतरी असावं लागतं. तोफांचा अधिकारी म्हणून ते एकेक जहाज करत वर चढले, मग जहाजाचे कप्तान झाले, मग अख्ख्या ताफ्याचे. ह्या चढणीचं रहस्य विचारलं की म्हणत, "आवाज! वाऱ्याच्या वर गेला पाहिजे." आमच्या गल्लीत वारा फारसा नसतो. तरी त्यांनी गच्चीवरून चहा मागितला की शेजारच्या दोन घरांतही आधण चढायचं. महाराज बाड्यावर भाजी घ्यायला गेले की हात पाठीमागे बांधून भोपळ्यांच्या रांगेपुढून तपासणी करत जायचे, आणि भाजीवाला नकळत ताठ उभा राहून म्हणायचा, "सब ताजा है, साब!"

त्यांच्या तोफांच्या शास्त्राचा कळस माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात झाला. मंगलाष्टकांच्या वेळी मागच्या रांगेतल्यांच्या अक्षता नवरा-नवरीपर्यंत पोचत नाहीत, पुढच्यांच्या टकलांवर पडतात, हे आतोबांना वर्षानुवर्षं खुपत होतं. "मारा आखूड पडतोय. कोन चुकतोय सगळ्यांचा," ते म्हणाले आणि पाहुण्यांची अंतराप्रमाणे फेररचना केली: म्हाताऱ्या पुढे, क्रिकेट खेळणारे मागे, आणि हुकमाशिवाय कुणी दाणा टाकायचा नाही. भटजींनी 'सावधान' म्हणताच आतोबा गरजले, "फायर!" सगळ्या मांडवाच्या अक्षता एकाच क्षणी, एकाच जागी पडल्या. नवरदेवाचं मुंडासं उडालं, अंतरपाट भटजींच्या हातून सुटला, आणि शेवटचं मंगलाष्टक बाकी असतानाच वधूवरांनी एकमेकांना पाहिलं. भटजी संतापले. आतोबांनी शांतपणे अहवाल दिला, "नेम बरोबर होता."

ह्या सगळ्या वैभवाची किंमत त्यांच्या उजव्या कानानं मोजली होती. तरुणपणी तोफेशेजारी उभं राहताना कानात कापूस घालणं त्यांना भित्रेपणाचं वाटे. डावा कान कामापुरता उरला, उजवा पार गेला. त्यांना ते मान्य नव्हतं. "कान ठीक आहे. लोक पुटपुटतात," असं त्यांचं मत होतं.

पुटपुटणारी मुख्यतः आत्याच होती. संध्याकाळी व्हरांड्यात ती बरोबर त्यांच्या उजव्या हाताला खुर्ची घेऊन भाजी निवडत बसायची, आणि चेहरा अगदी शांत ठेवून बोलायची. "बसले आहेत ॲडमिरल. आपल्या बबीला टायफॉइड झाला तेव्हा कुठे होतं तुमचं जहाज? मी एकटी रात्र-रात्र पट्ट्या ठेवत होते. आल्यावर विचारलंत काय, तर पडदे का बदलले!" मग शेंगा मोडता मोडता, "आणि इतकं असून सकाळी उठून पहिलं काय बघते, तर तुमचा श्वास नीट चालतोय न."

मी एकदा म्हणालो, "आत्या, अगं, त्या कानानं त्यांना ऐकू येत नाही."

"म्हणून तर तिकडून बोलून राहिले आहे," ती म्हणाली. "समोरासमोर बोलले असते, तर आमचं केव्हाच बंद पडलं असतं."

मग पुण्याहून बबी आली आणि वडिलांसाठी कानाचं यंत्र घेऊन आली. आतोबांनी ते पदक लावावं तसं आरशासमोर लावून घेतलं. सगळे खूश झाले. आत्या तेवढी स्वयंपाकघरात माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "आता मी कुठे बोलू रे?"

बबी परत गेली आणि घर गप्प झालं. आत्या खुर्चीत तशीच बसायची, पण "चहा ठेवू?" आणि "बरं" ह्यापलीकडे काही नाही. आतोबांना पहिल्यांदाच चिमण्या ऐकू येत होत्या. त्यांचं ते कौतुक ती निमूट ऐकून घ्यायची. ती दिवसेंदिवस उतरत चालल्यासारखी दिसायला लागली.

एका संध्याकाळी मी तिथेच होतो. मेथी निवडता निवडता ती भान विसरली आणि जुन्या सवयीनं सुरू झाली. टायफॉइड, पट्ट्या, पडदे. आतोबांच्या हातातल्या पेपरची सळसळ थांबली. आत्याच्या ते लक्षात आलं आणि ती जागच्या जागी थिजली. त्यांनी मान वळवली नाही. सावकाश उठून आत गेले, परत आले तेव्हा कान रिकामा होता.

"मशीन बिघडली!" त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. "घरात काही कामाची नाही!"

महाराष्ट्र मंडळाच्या बैठकीत तीच मशीन उत्तम चालते. मी स्वतः पाहिलं आहे.

तर त्यांनी आपली खुर्ची ओढून तिच्या आणखी जवळ घेतली, उजवी बाजू तिच्याकडे केली आणि पेपर उघडला. आत्या मेथीची जुडी हातात घेऊन, खालच्या आवाजात, जिथे थांबली होती तिथून पुढे बोलू लागली. अंधार पडेपर्यंत बोलत होती. आतोबांनी तेवढ्या वेळात पेपरचं एकही पान उलटलं नाही.