आजोबा डगमगले नाहीत

११ मे, शनिवार. मी कोकमाच्या सालांना रसाचं तिसरं पुट देत होते. सालं रसात बुडवायची, निथळायची आणि खळ्यात पुन्हा उन्हाला पसरायची. हात मनगटापर्यंत लाल झाले होते. तेवढ्यात थोरला भाऊ नवी कोरी स्मरणिका घेऊन आला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा वर्धापनदिन मे महिन्यातच करतात, कारण मुंबईची माणसं तेव्हाच गावी असतात. यंदा दादानं मंडळीचा इतिहास लिहून छापून घेतला होता. दादा निवृत्त मास्तर. उपासनेत बायबलमधला शास्त्रपाठ आणि त्यानंतर आजोबांवरचं पान, दोन्ही मी वाचायचं ठरलं होतं. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, एवढंच कारण.

"एकदा नजरेखालून घाल. उद्या अडखळू नकोस."

माझे हात ओले, म्हणून पान त्यानंच धरलं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वाडीनं वाळीत टाकलं, विहीर बंद केली, तरी ते क्षणभरही डगमगले नाहीत. आजीला एक ओळ होती: पत्नीची मोलाची साथ लाभली.

आईनं मला सांगितलेलं वेगळं होतं. तिला ते तिच्या सासूनं, म्हणजे खुद्द आजीनं, भाकऱ्या थापता थापता सांगितलेलं. विहीर बंद झाली तसे आजोबा राजापूरकडे भावांच्या घरी निघून गेले. भावांनी गोमूत्र शिंपडून, गावजेवण घालून त्यांना जातीत परत घेतलं. आजी गेली नाही. कडेवर पोर घेऊन ती इथंच मिशनच्या दवाखान्यात पट्ट्या धूत राहिली. आजोबा पुढे परत आले, ते तिच्यासाठी.

"हे खोटं आहे, दादा."

"खोटं कसलं? थोडं वगळलंय."

"थोडं? अख्खी आजी वगळलीस."

"पुरावा काय? आई कधी एक पावसाळा म्हणायची, कधी दोन वर्षं. कडेवरचं पोर कधी बाबा, तर कधी आत्या. असल्या गप्पांवर इतिहास लिहितात?"

ते खरं होतं. आईच्या सांगण्यात तपशील हलायचे.

"येशूच्या रिकाम्या कबरेकडे किती बाया गेल्या?" मी विचारलं. "योहान एकीचंच नाव घेतो, मार्क तिघींची. दर ईस्टरला तूच सांगतोस ना, चौघा शुभवर्तमानकारांनी आपापल्या परीनं सांगितलं म्हणून उलट ते खरं?"

"शास्त्राची बरोबरी आईच्या गप्पांशी? तुझ्या जिभेला काही हाड!"

पडवीत वहिनी लसूण सोलत होती. "वन्सं, उद्या लोक बिर्याणी खायला येणार आहेत, तुमचं भांडण ऐकायला नाही."

"मुंबईची पोरं आधीच दहा प्रश्न विचारतात," दादा म्हणाला. "आजोबा मागे फिरले होते हे कळलं तर म्हणतील, मग शास्त्र तरी कशावरून खरं?"

माझं नेमकं उलटं आहे. माझा शास्त्रावर विश्वास बसला तो पेत्रामुळे. शिष्यांचा एवढा मोठा पुढारी, येशूला धरून नेलं त्या रात्री विस्तवाशी शेकत असताना एका दासीला घाबरला आणि मी त्याला ओळखत नाही म्हणाला. ते कुणी खोडलं नाही. कबरेकडून परतलेल्या बायांचं सांगणं शिष्यांना बाष्कळ वाटलं, तेही लिहून ठेवलं. स्वतःची लाज न लपवणारा माणूस बाकीचंही खरंच सांगत असणार, इतकी साधी माझी समजूत.

दादा गेला. उरलेली सालं पसरताना पहिल्यांदाच मनात आलं, शास्त्र लिहितानाही असा एखादा मास्तर बसला असेल का? त्यानं कुणाची आजी वगळली असेल? पन्नास वर्षं शास्त्र वाचतेय, असलं काही कधी डोक्यात आलं नव्हतं. श्रद्धा सांभाळायला निघालेल्या भावानंच ते घातलं. ते मी त्याला माफ करणार नाही.

आणि आई तर गेलीच. उद्या मीही जाईन. मग ही गुळगुळीत कागदाची स्मरणिका तेवढी उरेल आणि लोक तिलाच पुरावा म्हणतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेमून दिलेला पाठ बाजूला ठेवला आणि पेत्राच्या नाकारण्याचा वाचला. पाळकांनी भुवया उंचावल्या. स्मरणिका मी उघडलीच नाही.

"आजोबा मागे फिरले होते," मी म्हटलं. "आजी फिरली नाही. हे आईनं सांगितलं. ती तेव्हा नव्हती, मीही नव्हते. किती काळ, ते मला ठाऊक नाही."

खाली उतरून जागेवर बसले. दादा उठला, चष्मा लावला आणि ते पान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, एक शब्दही न बदलता. माझ्याइतका नसला तरी त्याचा आवाजही मागच्या बाकापर्यंत गेला. गावची, मुंबईची, सगळी माणसं मिळून आमेन म्हणाली. मागून वहिनीनं माझ्या पाठीत बोट खुपसलं.

मी आमेन म्हटलं नाही.