रिकामा डबा परत करायचा नाही

मुलगी जपानला निघाली तेव्हा मी तिला भरपूर सूचना दिल्या होत्या. पासपोर्टच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेव. औषधं वेगळ्या पाउचमध्ये भर. खोलीत शिरल्याबरोबर गॅस आणि गरम पाण्याचं बटण कुठे आहे ते बघून घे. शेजाऱ्यांच्या डब्याबद्दल मात्र काही सांगितलं नव्हतं, कारण ते तिला येतच होतं. इथे अबू धाबीच्या खलिफा सिटीत आमच्या शेजारी एक पॅलेस्टिनी कुटुंब राहतं. रमजानात त्यांच्याकडून संध्याकाळी वाडगं येतं आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाडग्यातून आमचा शिरा जातो. लहानपणापासून ते पोचवायचं काम हिचंच.

ती इथल्या युनिव्हर्सिटीत आर्किटेक्चर शिकते. एक्स्चेंजवर वर्षभर जपानमधल्या एका मध्यम शहरात जायची संधी आली आणि तिने ती घेतली. एक सेमिस्टर ऑक्टोबर ते फेब्रुवारी, दुसरं एप्रिल ते ऑगस्ट. दुसऱ्या सेमिस्टरसाठी राहणार की परतणार, ते जानेवारीच्या शेवटी कळवायचं होतं. हॉस्टेल भरलेलं होतं, म्हणून तिला एका दुमजली घरात वरची खोली मिळाली. खाली घरमालकीणबाई एकट्याच राहायच्या. वय सत्तरीचं, जपानीखेरीज दुसरी भाषा नाही. मी त्यांना जपानी काकू म्हणायला लागले.

पहिल्याच आठवड्यात काकूंनी वर येऊन डबाभर शिजवलेला भोपळा दिला. मुलीचा लगेच फोन.

"आई, शी गेव्ह मी पम्पकिन. सो स्वीट!"

"छान. डबा धुऊन परत दे. रिकामा देऊ नकोस हं."

"आय नो, आय नो."

बॅगेत मी दिलेला चिवडा होता, तो डब्यातून खाली गेला. चार दिवसांनी काकूंच्या अंगणातल्या झाडाची केशरी फळं वर आली. मुलीने नारळाच्या वड्या दिल्या. मग काकूंनी भाताचे गोड लाडू दिले, प्रत्येकाला वेगळा कागद. मला मोठा आनंद झाला. परक्या गावात पोरीला जिव्हाळ्याचं माणूस मिळालं, आणि आपली रीतही त्यांना कळते, अजून काय पाहिजे?

मी जोमाने कामाला लागले. शुक्रवारी दुपारी आम्ही बर दुबईला गेलो की देवळाजवळच्या गल्लीतल्या दुकानातून चकल्या, शंकरपाळे, डिंकाचे लाडू घ्यायचे. घरी आणून हवाबंद पिशव्यांत भरायचे, वर चिठ्ठी लावायची आणि पार्सल करायचं.

"दोनशे दिरहॅम?" नवरा कुरियरच्या काउंटरवर म्हणाला. "म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपयांच्या चकल्या. अगं, एवढ्यात मी स्वतः नेऊन दिल्या असत्या."

"तू नेल्या असत्यास तर विमानातच संपल्या असत्या."

डिसेंबरात तर मी कमालच केली. ऑफिसातली एक मैत्रीण जपानला निघाली होती, तिच्याबरोबर खजुराचा मोठा खोका दिला. इथे ईदेला मोठ्या साहेबांना देतात तसला, लाकडी, आतून मखमल, प्रत्येक खजुरात बदाम. तो काकूंना पोचला आणि मग तीन आठवडे मला काहीच कळलं नाही. मुलीचे मेसेज यायचे, पण तुटक. 'ऑल गुड.' 'बिझी.' 'लेटर.'

जानेवारीत एका सकाळी तिचा फोन आला. "आय वॉन्ट टू कम होम. फेब्रुवारीत. आय डोन्ट वॉन्ट द सेकंड सेमिस्टर."

नवरा शेजारीच चहा घेत होता. तो लगेच म्हणाला, "ये ना मग! एक सेमिस्टर झालं, बास. खलास."

मी त्याला हाताने थांबवलं. मला अशा वेळी एकेक गोष्ट बाजूला काढत गेल्याशिवाय सुचत नाही.

"अभ्यास जड जातोय का?"

"नो."

"तब्येत?"

"फाइन."

"कोणी त्रास देतंय?"

"नो, आई. एव्हरीवन इज नाइस."

"खोली ठीक आहे ना?"

 यावर ती रडायलाच लागली. आणि काय आश्चर्य, इंग्लिश सोडून सरळ मराठीत बोलायला लागली. ही मुलगी पाच वर्षांची असल्यापासून मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचं, असं आमचं चालत आलंय.

"मी त्यांना तोंड दाखवू शकत नाही, आई. त्यांचा डबा माझ्याकडे पडलाय. त्यात घालायला माझ्याकडे काहीच नाहीये."

हळूहळू सगळं बाहेर आलं. खजूर मिळाल्यावर काकूंनी मोठ्या दुकानातून मिठाईचा खोका आणून दिला होता, वर हाताने लिहिलेलं पत्र. त्यातलं जपानी इतकं आदराचं होतं की मुलीला ते प्रोफेसरांकडून वाचून घ्यावं लागलं. प्रोफेसर म्हणाले, फार मोठी भेट दिलीस वाटतं त्यांना. शिवाय नव्या वर्षाचा म्हणून आणखी एक डबा आला. तोपर्यंत माझ्या चकल्या संपल्या होत्या. हिला तळण येत नाही. एकदा तिने शिरा करून पाहिला तो भांड्याला लागला आणि खोलीभर जळका वास. विकतचं काही द्यावं, तर काकूंनी दिलेल्यापेक्षा हलकं दिसेल म्हणून धीर होईना. म्हणून तिने काकूंना टाळायला सुरुवात केली. जिना काकूंच्या दारावरूनच जायचा. खालचा दिवा बंद होईपर्यंत ही कोपऱ्यावरच्या दुकानात बसून भाताचा त्रिकोणी गोळा खायची. त्या गावात रोज तिची विचारपूस करणारं एकच माणूस होतं, आणि आता ही त्याच माणसाला चुकवत होती.

"अगं, मग मला सांगायचं ना!"

"तुला सांगितलं असतं तर तू अजून एक पार्सल पाठवलं असतंस."

नवरा चहाच्या कपात बघून हसला. मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

मी तिला म्हटलं, शनिवारी काकूंना वेळ विचारून घे, मी व्हिडिओवर बोलते. "आई, नो! प्लीज!" वगैरे झालं, पण तिने विचारलं. काकू 'हो' म्हणाल्या. शनिवारी त्या पडद्यावर आल्या तेव्हा गुडघे मोडून नीट बसलेल्या, केस विंचरलेले, अंगावर चांगला स्वेटर. मीही साडी नेसून बसले होते. दोघी वाकलो. मी जरा जास्तच वाकले, कारण त्या थांबेनात.

"त्यांना सांग, तुम्ही माझ्या मुलीला इतकं जपलंत, आम्ही आभारी आहोत. आणि डबा द्यायला उशीर झाला, तो माझ्यामुळे. मीच तिला सांगून ठेवलंय, डबा रिकामा परत करायचा नाही."

मुलीने मान खाली घालून जपानीत सांगितलं. काकूंचे डोळे मोठे झाले. मग त्या भराभर काहीतरी बोलल्या, मध्येच तोंडावर हात ठेवला, पुन्हा बोलल्या.

"काय म्हणतायत?"

"त्या म्हणतायत..." मुलगी अडखळली. "त्या म्हणतायत, मी दमले."

"कशाने?"

"आपल्यामुळे. त्यांच्याकडेही तसंच आहे. काही आलं की परत काहीतरी द्यायचंच. तुझे खजूर आले तेव्हा त्यांनी बहिणीला फोन केला, याच्या तोडीचं काय द्यायचं म्हणून. बहीण म्हणाली, कोणत्या राजघराण्याशी संबंध जोडलास? मग दोघी बसने मोठ्या शहरात गेल्या मिठाई आणायला."

नवरा मागून म्हणाला, "विचार, बसचं भाडं किती झालं ते."

"बाबा, शट अप."

काकू पुन्हा बोलल्या. आता मुलीला हसू आवरत नव्हतं. "त्या विचारतायत, तुमच्या देशातली माणसं नेहमीच इतकी कडक असतात का?"

"कडक? आम्ही?"

"आणि म्हणतायत, पहिल्यांदा फक्त भोपळा जास्त झाला होता. एकटीला संपेना म्हणून दिला."

यावर मला जे हसू फुटलं ते थांबेचना. काकूही हसल्या, डोळे पुसायला लागल्या. दोन बायका पाच तासांच्या फरकाच्या दोन देशांत हसतायत आणि मधली मुलगी एकदा इकडे, एकदा तिकडे बघतेय.

यापुढे डबा रिकामाच परत करूया, असं मी सुचवून पाहिलं. काकूंनी मान हलवली, तेवढं त्यांना जमणार नव्हतं. खरं तर मलाही नसतं जमलं. शेवटी त्यांनीच तोड काढली. दर शनिवारी संध्याकाळी मुलीने खाली येऊन त्यांच्याबरोबर जेवायचं. म्हणजे डब्याचा प्रश्नच नाही.

"सांग त्यांना, भांडी तुझ्याकडून घासून घ्यायची."

"आई, आय एम नॉट ट्रान्सलेटिंग दॅट."

"सांग."

तिने सांगितलं. काकूंनी टाळीच वाजवली.

एवढ्यावर मुलगी राहील असं मी धरून चालले होते. तिने मात्र हो म्हटलं नाही. मी विचारायची नाही असं ठरवलं, आणि ते मला फार जड गेलं. तिने राहावं असं मला वाटत होतं, पण त्या दुकानातल्या संध्याकाळी आठवल्या की वाटायचं, येऊ दे, आपल्या डोळ्यांसमोर असू दे. नवऱ्याचं तर पहिल्यापासून एकच. "वर्ष वाया जात नाही काही. येऊ दे तिला." पहिल्या शनिवारी ती खाली जेवली, दुसऱ्या शनिवारीही. फोनवर फक्त काय खाल्लं ते सांगायची. तेही थोडं मराठीत, कारण काकू शेजारीच असायच्या, बोलणं त्यांच्याबद्दल असायचं आणि एखादा इंग्लिश शब्द त्यांना कळला तर, अशी तिला धास्ती.

कळवायच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "आई, मी राहते. मेल केलाय."

"काकूंनी सांगितलं?"

"नाही गं. त्या तर म्हणाल्या, घरची आठवण येत असेल तर जा. एप्रिलपासून आमच्या ग्रुपला काकूंच्या गल्लीतल्या जुन्या घरांची मापं घ्यायचीयत. मला ते करायचंय. आणि मला आता रोज रडू नाही येत. कधीकधी येतं."

"कधीकधी चालेल," मी म्हटलं.

फोन ठेवून बाहेर आले. नवरा बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालत होता. त्याला सांगितलं. त्याने पाण्याची झारी खाली ठेवली.

"मग आता ऑगस्ट," तो म्हणाला.

"हो. ऑगस्ट."

"मी तिच्या खोलीतला एसी सर्व्हिस करून घेतला. काल, तू ऑफिसला होतीस तेव्हा."

 आम्ही दोघं तिच्या खोलीत गेलो आणि तिच्या पलंगावर बसलो. जानेवारीत अबू धाबीत एसी लागत नाही, तरी त्याने तो लावून दाखवला. आवाज अजिबात येत नव्हता. काम चांगलं केलं होतं त्या माणसाने.