सुपातल्या अकरा पट्ट्या

एचआयव्हीची चाचणी आता घरीच, आपली आपण करायची, हे सांगायला एका संस्थेची ताई भर उन्हात आमच्या सूर्यमाळच्या पाड्यावर चढून आली. दिवाळीनंतर भिवंडी-वसईला बांधकामावर जाणारे आम्ही अकराजण तिच्या कागदावर ‘जोखमीचा गट’ होतो. कुठल्याही यादीत माझं नाव इतक्या लवकर कधी लागलं नव्हतं.

“पद्धत पसंत आहे का?” तिनं विचारलं. अकराही जण हो म्हणाले. एवढा डोंगर चढून आलेल्या बाईला नाही कोण म्हणणार? तिनं वाटलेली चाचणीची डबी अजून कुणी उघडलीही नव्हती. तिनं पसंती शंभर टक्के लिहिली आणि ती उतरून गेली.

मग आम्ही सूचना वाचल्या. हात साबणाने धुवा. टँकर दोन दिवस आला नव्हता. एकांतात बसा. आमची घरं एका खोलीची. शेवटी सगळे माझ्या ओटीवर जमले, कारण बिनचूक घड्याळ माझं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर टाकायचा, वीस मिनिटांनी बघायचं. एक रेघ म्हणजे ठीक, दोन म्हणजे दवाखाना. बसल्या ओळीनं मी अकरा पट्ट्या सुपात मांडल्या. नावं घातली नाहीत. क्रम माझ्या डोक्यात पक्का होता.

सतराव्या मिनिटाला कोंबड्या सुपाशी आल्या. बायकोनं धावत येऊन सूप उचललं आणि हाताच्या सवयीनं एकदा पाखडलं.

“अगं, काय केलंस हे!”

“मग कोंबड्यांना खाऊ देऊ?”

“वहिनी, आता दाणा कुठला नि कोंडा कुठला, ते तरी सांगा,” अकरांतलाच माझा शेजारी म्हणाला. सगळे हसले.

वीस मिनिटं झाली तेव्हा कुणी हसत नव्हतं. दहा पट्ट्यांवर एक रेघ, एकीवर दोन.

बायकोनं हळूच विचारलं, “तुमची कोणती?”

“अकरातली एक.”

“म्हणजे माझीपण तीच,” ती म्हणाली आणि आत गेली.

ताईला फोन केला. तिनं सांगितलं, नुसत्या पट्टीवर काही ठरत नाही, अकराही जणांनी दवाखान्यात पुन्हा तपासून घ्या. एकच जीप केली आणि मोखाड्याला गेलो. तिथे दार लावून एकेकाला त्याचा निकाल सांगितला. परतताना जीपमध्ये कुणी कुणाला विचारलं नाही. पाडा दिसू लागला तेव्हा शेजारी म्हणाला, “उतरताना सगळ्यांनी एकसारखी तोंडं करा रे.” केली.

आता एकाला दर महिन्याला गोळ्या आणाव्या लागतात. आम्ही अकराही जण जातो. ताईच्या कागदावर ‘गुप्तता राखली का?’ असा रकाना आहे. तो मी खात्रीनं ‘हो’ भरला.

आकडा अर्धवट ठेवणं मला जमत नाही. तरी माझा निकाल इथे लिहीत नाही. तो चांगला असेल तर लोक उरलेल्या दहांत शोधतील, वाईट असेल तर शोधच संपेल. बायकोला त्याच दिवशी सांगितला. पुढच्या खेपेला जीपमध्ये ती बारावी होती.