चूक मेलविनची नव्हती

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आजही 'आहे' असं म्हणवत नाही. घरात देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा मी हात जोडून उभी असते, पण मनात ऑफिसचं काम चाललेलं असतं. त्यामुळे हे वाचून कुणाच्या अंगावर काटा यावा अशी माझी अपेक्षा नाही. मी चिडलेय म्हणून लिहितेय. महिना होत आला, राग उतरत नाही. आणि जे घडलं ते सरळ सांगितल्याशिवाय तो उतरेल असंही वाटत नाही.

मी नीता. वय चौतीस, राहणार जामसंडे. पुण्याच्या एका छोट्या कंपनीसाठी घरून काम करायचे – हो, 'करायचे'. कंपनीचं नाव लिहीत नाही. आम्ही मोबाईलवरचा ऑनलाईन कॅरमचा खेळ बनवत होतो. चार जण चार गावांतून एका टेबलावर बसणार, सोंगट्या मारणार, खेळता खेळता माइकवरून एकमेकांशी बोलणार... साधा खेळ, पण लोकांना आवडला होता.

हा बोलण्याचा भाग, म्हणजे व्हॉइस मॉड्यूल, मेलविनने लिहिला होता. मेलविन मालवणचा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. कंपनीत मला चिकटवलं त्यानेच आणि शिकवलंही त्यानेच. दर गुरुवारी आचरा-मिठबांव मार्गे बाईक हाणत आमच्याकडे यायचा, कारण त्याच्याकडचं इंटरनेट रडकं होतं. माडीवरच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसून काम करायचो. दुपारी आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. मेलविन कधीच हळू बोलायचा नाही... खालच्या पडवीत बसलेल्या आईला आमची प्रत्येक मीटिंग पाठ असायची.

गेल्या पावसाळ्यात तो गेला. कंपनीने नवा लॅपटॉप पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवला होता. आमचा लीड – त्याला कौस्तुभ म्हणू, खरं नाव वेगळं आहे – म्हणाला, आजच्या आज अपडेट जायला हवं, पार्सल घरी येईपर्यंत थांबू नकोस. म्हणून मेलविन सकाळी बाईकने हायवेवरच्या तळेऱ्याला गेला, तिठ्यावर पार्सल घेतलं, आणि परत निघाला तो शंभर पावलंही गेला नसेल. मागून डंपर आला.

तिसऱ्या दिवशी कंपनीने त्याचा अकाउंट डिलीट केला. आठव्या दिवशी कौस्तुभने त्याच्या आईला, सेसीलकाकीला, फोन करून विचारलं की लॅपटॉपची अवस्था कशी आहे. मला हे नंतर कळलं. तेव्हाच नोकरी सोडायला हवी होती. सोडली नाही, हा माझा दोष.

आता मूळ गोष्ट.

या जानेवारीत आम्ही खेळात बरेच बदल केले. त्यानंतर तक्रारी सुरू झाल्या. अर्धा तास खेळलं की फोन तापतो, अडकतो, खेळ आपोआप बंद पडतो. याला मेमरी लीक म्हणतात. खेळ चालताना फोनकडून थोडी थोडी जागा उसनी घेतो आणि काम झालं की परत देतो. कुठेतरी ती परत द्यायची राहिली की साठत साठत फोन भरतो. आमच्या खेळात डाव संपल्यावर टेबल मोडायला हवं होतं, ते मोडत नव्हतं. दहा डाव खेळलात की दहा टेबलं तुमच्या फोनमध्ये तशीच मांडलेली.

एप्रिलमध्ये एका सोमवारी दुपारी कौस्तुभने कॉल लावला. "नीता, शुक्रवारी पार्टनर कंपनीला रिपोर्ट द्यायचाय. रूट कॉज म्हणून जुना व्हॉइस मॉड्यूल टाक."

"तपासलंयस का तू?"

"तोच असणार गं. जुना कोड आहे तो."

"तपासल्याशिवाय मी मेलविनचं नाव घालणार नाही."

यावर तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, "अगं, त्याला आता काय फरक पडणार आहे?"

मी कॉल कट केला. दहा मिनिटांनी फोन वाजला. सेसीलकाकी. आवाज इतका बारीक की मला आधी ओळखूच आला नाही.

"बाय, सकाळीच तुमच्या हापिसातसून फोन इल्लो. मेलविनाच्या कामात घोळ आसा म्हणतत. तेच्यो वहयो असल्यार बघा म्हणान सांगल्यान. माज्या झिलान काय चुकी केल्यान गो?"

म्हणजे मला विचारायच्या आधी या माणसाने तिला फोन केला होता. मुलगा जाऊन आठ महिने झालेल्या बाईला! "काकी, तेची काय चुकी नाय," मी म्हटलं. पण खरं सांगू? मला तेव्हा माहीत नव्हतं. असेलही त्याची चूक, असं मनात येत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

मंगळवार सगळा व्हॉइस मॉड्यूल वाचण्यात गेला. हजारो ओळी. काही सापडेना. बुधवारी मी एक चाचणी लावली. टेस्टिंगचा जुना फोन, त्यात सिमकार्डसुद्धा नाही. खेळात माइक पूर्ण बंद. टेबलावर चारही खेळाडू कॉम्प्युटरचे, म्हणजे माणूस एकही नाही. अर्धा तास त्यांना आपापसात खेळू दिलं आणि मग फोनच्या मेमरीची नक्कल काढून लॅपटॉपवर उघडली. त्यात न मोडलेली टेबलं होतीच. प्रत्येक टेबलासोबत आवाजाचे छोटे छोटे तुकडेही अडकलेले होते. माइक बंद, म्हणजे हे तुकडे रिकामे हवेत. सगळे शून्य.

ते शून्य नव्हते.

मला वाटलं, सापडली चूक. मेलविनच्या कोडमधून कचरा येतोय. खरंच सांगते, त्या क्षणी मी त्याला शिवी हासडली. कचरा कसला ते बघायला मी तुकडे ओळीने जोडले आणि स्पीकरवर लावले. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन, शेजारी कुणाचातरी मिक्सर चाललेला, खाली पडवीत आई आंबे निवडत होती. वातावरण-बितावरण काही नव्हतं, लिहिणारे लिहितात तसं.

आधी खरखर. मग –

"आवाजात काय बघतंस गो? राणी बघ, राणी. ता चमचमता मां, ता टेबलाक सोडणा नाय."

एवढंच. अकरा सेकंद. मेलविनचा आवाज. नेहमीसारखा मोठा आणि थोडा वैतागलेला, मी सोपी गोष्ट चुकले की व्हायचा तसा.

मी काही करायच्या आत जिन्यावर पावलं वाजली. आई अर्ध्या जिन्यातूनच म्हणाली, "मेलविन इलो काय गो? तेका जेवक थांबव, बांगडे आसत."

आणि पावलं थांबली.

आई त्याच्या मातीला माझ्यासोबत आली होती. मालवणच्या त्या दफनभूमीत तिने स्वतः मूठभर माती घातली होती. ती वर आली नाही. तिथेच पायरीवर बसली. मी गेले तेव्हा भिंतीला हात लावून बसली होती. "माका वाटला..." म्हणाली. मी तिला पाणी दिलं. मला भीती वाटत होती की नाही तेही आठवत नाही.

तुमच्यातले हुशार लोक आता म्हणतील की जुनं रेकॉर्डिंग असेल. मेलविन चाचणीसाठी स्वतःचा आवाज रेकॉर्ड करायचाच. मीही हेच म्हटलं स्वतःला, पाच मिनिटं. मग 'राणी' या शब्दाशी अडकले.

राणी म्हणजे कॅरमची लाल सोंगटी. ती घेऊन कव्हर केली की आमच्या खेळात स्क्रीनवर सोनेरी चमचम होते. ती चमचम जानेवारीत आली. कल्पना जानेवारीतली आणि कोडही जानेवारीतला. मेलविन ऑगस्टात गेला. तो असेपर्यंत आमच्या खेळात राणी इतर सोंगट्यांसारखीच गपचूप खिशात जात होती.

मी ती फाइल उघडली. साठ-सत्तर ओळींची. चमचम सुरू करताना तिने टेबलाला धरून ठेवलं होतं, आणि संपल्यावर सोडायची ओळ लिहिलेलीच नव्हती. ती एक ओळ मी लिहिली. परत अर्धा तास खेळ चालवला. टेबलं मोडत गेली, मेमरी सपाट. परत नक्कल काढली, तर आवाजाचे तुकडे नाहीतच.

फाइलच्या वर लिहिणाऱ्याचं नाव होतं. कौस्तुभ.

गुरुवारी सकाळी सगळ्या टीमसमोर मी ती फाइल स्क्रीनवर दाखवली. कौस्तुभ हसत म्हणाला, "ग्रेट. पण एवढ्या लवकर तुला कसं काय मिळालं हे?"

"मेलविनने सांगितलं."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. कौस्तुभला वाटलं मी टोमणा मारतेय. "इमोशनल होऊ नकोस नीता," एवढं म्हणून त्याने मीटिंग संपवली.

आणि शुक्रवारी रिपोर्ट गेला. 'माजी कर्मचाऱ्याने लिहिलेल्या व्हॉइस मॉड्यूलमधील त्रुटी, आता दुरुस्त.' माझी दुरुस्ती, कौस्तुभची चूक, आणि नाव मेलेल्या माणसाचं! मी पार्टनर कंपनीसकट सगळ्यांना उत्तर लिहिलं. फाइल जोडली, तारीख जोडली, ती एक ओळ जोडली. खाली राजीनामा. आवाजाबद्दल त्यात एक अक्षर लिहिलं नाही, कारण मग बाकीचंही कुणी खरं मानलं नसतं. सोमवारी मालकाचा फोन आला. रिपोर्ट बदलला, दोन ओळींची माफी पाठवली. कौस्तुभ अजून तिथेच आहे. बढतीही मिळेल त्याला, बघा तुम्ही.

ती बदललेली प्रत घेऊन मी मालवणला गेले. सेसीलकाकी शिवणकाम करते. चर्चच्या मागच्या पाणंदीत घर आहे, दारातच मशीन. मी वाचून दाखवलं, मालवणीत समजावलं की चूक दुसऱ्याची होती, आता तसं लिहूनही दिलंय. तिने कागद घेतला, घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवला. "बरा केलंस," म्हणाली.

फोनवर घेतलेला तो आवाज ऐकवावा की नाही हे मी सगळ्या रस्त्यात ठरवत होते. अधिकार तिचा होता. मी फोन पुढे केला.

एकदा ऐकून तिने दुसऱ्यांदा लावायला सांगितलं. मग मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाली, "ह्यो मेलविनच."

मला वाटलं आता ती रडेल. मी जवळ सरकले. ती रडली नाही. तिचा चेहरा लाल झाला आणि ती ओरडली. माझ्यावर नाही, त्या फोनवर.

"आठ म्हयने झाले रे! आठ म्हयने मी वाट बघतंय. येक सपान नाय, येक हाक नाय. आणि इलंस तो कामाक इलंस? जितो होतंस तेव्हाव तसोच! ताटावर बसान फोन, चर्चात मिसाक जाताना फोन... मेल्यारव तुजा काम सरला नाय?"

पाणंदीतून जाणारी एक बाई थांबली. काकीला फिकीर नव्हती. खूप वेळ ती त्याला बोलत होती, जिवंत मुलाला झापावं तसं. बोलून दमली तेव्हा पदराने तोंड पुसून म्हणाली, "परत लाव. मोठ्यान लाव जरा."

मी सात वेळा लावलं.

रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. ओळखीच्या दोन प्रोग्रामर मित्रांना दिलं. एकाने सांगितलं की आवाज खऱ्या माणसाचा आहे, कॉम्प्युटरने बनवलेला नाही. दुसरा म्हणाला जुनं रेकॉर्डिंग. मी त्याला विचारलं, मग राणीची चमचम ऑगस्टात मेलेल्या माणसाला कशी माहीत? मी कोड शंभर वेळा वाचला. माइक बंद, टेबल रिकामं; तो आवाज यायला वाटच नाही.

कुणाला कळलं तर जरूर लिहा. पण कळलं नाही तरी मला चालेल. कौस्तुभचा राग तर आहेच, तो राहू दे. त्याहून मोठा राग आता मेलविनचा आहे. कुठून, कसे, अकरा सेकंद मिळाले तुला... त्यातला एक तरी मांयसाठी ठेवायचास, रे.