पाणी नाही, साथ मात्र आहे

ग्रामसेवकाची नोकरी केली की किस्से न मागता साचतात. आमच्या बीड जिल्ह्यात तेवढंच साचतं, पाणी नाही!

त्या दुष्काळात मी परळीकडच्या एका गावात होतो. गाव टँकरवर, आणि ऐन मार्चमध्ये जुलाब-उलट्यांची साथ आली. काय करायचं ते सगळ्यांना माहीत होतं, कोणी करायचं ते कुणालाच नाही. टँकर पंचायत समितीचा, पाण्यात टाकायची पावडर ग्रामपंचायतीची, पेशंट आरोग्य खात्याचा! मी कुणाचा, हे मला अजून कळलेलं नाही.

*

जादा टँकर मागायचा, तर ठरावावर सरपंचाची सही हवी. सरपंच कमलबाई गेलेल्या सांगलीकडे, सहकारी कारखान्याचा ऊस तोडायला. मी रजिस्टर घेऊन एस.टी.नं थेट फडात पोचलो.

"सही करते भाऊसाहेब, पर आदी ह्या मोळ्या ट्रकात टाकू लागा."

सात मोळ्या टाकल्यावर सही मिळाली. तेवढ्यात मुकादम ओरडला, "ह्यो नवा गडी कुणाचा बे? लई हळू चालतोय!"

*

वरून फोन आला, गावच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना पाठवा. विहीर जानेवारीतच आटलेली. पाणी सोडणाऱ्या बबननं तरी बाटली पाठवली, आणि रिपोर्ट आला: पिण्यास योग्य!

"बबन, हे पाणी आणलंस कुठून?"

"हाटेलातल्या जारचं हाय. रिकामी बाटली पाठवली तर गावाची अब्रू जाती ना, भाऊसाहेब!"

*

टँकरच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकायची. बबन रोज टाकायचा, पोतं रिकामं होताना मी डोळ्यांनी बघायचो. तरी पेशंट वाढतच होते. डॉक्टर चक्रावले, मी तर आधीपासूनच चक्रावलेला.

चार दिवसांनी उलगडा झाला. बाया म्हणायच्या, "बबन्या, चहाला वास मारतोय. आमचं भरू दे, मंग टाक." बबन भिडस्त. सगळ्यांचे हंडे भरले की पावडर टाकायचा, आणि उरलेलं पाणी जनावरांच्या हौदात सोडायचा.

त्या साथीत गावातली एकही म्हैस आजारी पडली नाही!

*

शाळेत सलाइन लावल्या होत्या. रुक्मिणआजीची चार वर्षांची नात दोन दिवस डोळे उघडत नव्हती. मी लई घाबरलो होतो, खोटं कशाला बोलू? तिसऱ्या दिवशी पोर उठून बसली. डॉक्टरांनी आजीला बजावलं, "आता पाणी खळाखळा उकळूनच पाजायचं. पुन्हा आजारी पडली तर अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेईपर्यंत हाती लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी आजी हंडा घेऊन ऑफिसात आली. डॉक्टरही तिथंच बसले होते.

"काठोकाठ व्हता. उकळला तर चार बोटं उतरला. पोरीला उकळूनच पाजीन, माझी ना न्हाई. पर माझ्या वाट्याला दोनच हंडे येत्यात. ही चार बोटं कोण भरून देणार? तुमी का डाक्टर?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "आजी, अर्ज द्या."

आजीनं हंडा माझ्या टेबलावर ठेवला आणि समोर बसली.

"लिवा."